दार वाजवू नये

हेल्मेट बादलीत तरंगत होतं.

आईंनी ती बादली पोलीस ठाण्याच्या टेबलावर ठेवली तेव्हा पाणी हिंदकळून इन्स्पेक्टरबाईंच्या कागदांवर सांडलं. बाईंनी कागद उचलायला हात पुढे केला, पण समोरचा चेहरा पाहिला आणि कागदांचं राहूनच गेलं.

"माझ्या लेकीचं आहे," आई म्हणाल्या. "सकाळी किनाऱ्यावर सापडलं. खडकातल्या डबक्यात."

"कशावरून ओळखलंत?"

"हा पट्टा मी शिवलाय. माझ्या जुन्या पिशवीचा आहे, नारिंगी. मूळचा तुटला होता. मी म्हटलं, नवीन घे. तर म्हणे, आई, तुझ्या हातचा टाका समुद्रालाही उसवायचा नाही."

टाका खरंच उसवला नव्हता.

लेकीला सगळं गाव पाकोळी म्हणायचं. पाकोळ्या कड्याच्या फटींत घुसतात तशी ती पाण्याखालच्या गुहांमध्ये शिरायची. किनाऱ्यावरच्या सागरी संशोधन केंद्रात ती नोकरीला होती. सहा वर्षांपूर्वी केंद्राच्या संचालकांबरोबर ती गुहेत उतरली आणि संचालक एकटेच वर आले. काम संपवून दोघं गुहेबाहेर पडलो आणि बाहेरच्या प्रवाहाने तिला ओढून नेलं, असं त्यांनी सांगितलं. होड्यांनी समुद्र पिंजून काढला. हाती काही लागलं नाही, आणि शोध थांबला.

आईंचा थांबला नाही. रोज सकाळी त्या किनारा पालथा घालायच्या. गावाने त्यांना वेडी ठरवून टाकलं. एकदा वेडी ठरवलं की कुणाला काही करावं लागत नाही, ही मोठी सोय असते.

"आत काहीतरी जिवंत आहे," आई म्हणाल्या. "म्हणून पाण्यात घालून आणलं."

बाईंनी हेल्मेट उचलून उलटं केलं. आतल्या अस्तरावर फिकट, इवलेसे शिंपले दाटीवाटीने चिकटले होते. काही मसुरीएवढे, काही मोहरीएवढे, काही नुसते ठिपके. प्रत्येक जण आपापल्या बारीक देठावर उभा होता. बाईंचं बोट लागताच एकदोन पटकन मिटले.

बाहेरून मात्र हेल्मेट जवळजवळ कोरं होतं. खडूने काढल्यासारख्या थोड्या पांढऱ्या नळ्या होत्या आणि माथ्यावरचा रंग घासून गेला होता. शेवाळाचा एक तंतूही नव्हता. बाईंनी ते परत बादलीत सोडलं. ते माथा वर करून तरंगायला लागलं.

"आई, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"ती कुठे आहे ते सांगा. जिवंत नाही, एवढं मलाही कळतं हो. पण समुद्रात म्हणजे कुठे? माणसाच्या जाण्याला काही जागा असावी की नाही?" त्यांनी बादली जवळ ओढली. "आणि ते ठोके. ओहोटीला मी गुहेवरच्या कड्यावर जाऊन बसते. खालून ठोके ऐकू येतात. मला भास होतात, असं सगळे म्हणतात."

बाईंनी मान हलवली. भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पाण्यावर मात्र त्याहून कमी होता. लहानपणी विहिरीत पडल्यापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांना सगळे देव आठवत. अशा बाईची बदली समुद्रकाठी करणाऱ्या साहेबाला त्या रोज सकाळी मनातल्या मनात चार शब्द ऐकवत. आज ते ऐकवायचं राहिलं.

"त्या दिवशी तिथे कोण कोण होतं?"

"सर. होडीवर नावाडी. आणि किनाऱ्यावर, टाक्यांत हवा भरणारा." आईंचा आवाज कोरडा झाला. "माझा जावई. हवाच खराब भरली होती, म्हणतात. मी त्याच्याशी बोलत नाही."

*

संशोधन केंद्राच्या लांब बोळात ओल्या लाकडाचा आणि औषधांचा वास होता. बाईंनी बादलीवर आईंचीच ताटली झाकली होती. बोळाच्या टोकाला संचालकांचं दार होतं. त्यावर पाटी होती: 'दार वाजवू नये. सरळ आत यावे.'

सरळ आत जाण्यापूर्वी बाई भिंतीवरच्या चित्रफलकापाशी थांबल्या. शाळेच्या सहलींसाठी लावलेला होता, खाली संचालकांची सही होती. बाईंनी तो नीट वाचला. त्यांना वाचनाची आवड होती असं नाही. पाणी दिसत नाही अशी कुठलीही गोष्ट त्यांना तिथे प्रिय होती.

'दीपशिंपले,' फलकावर लिहिलं होतं. 'जुन्या तेलाच्या दिव्यासारखा आकार, म्हणून हे नाव. शिंपल्यांसारखे दिसतात, पण शिंपल्यांशी यांचं नातं दूरचंही नाही. उजेडात शेवाळ यांची जागा बळकावतं आणि तळाचा गाळ यांना गुदमरवतो. म्हणून हे अंधाऱ्या गुहेच्या छताला उलटे चिकटून राहतात. आई पिलांना आपल्याच कवचात सांभाळते. बाहेर पडलेलं पिल्लू दूर जात नाही. काही तासांत जवळच कुठेतरी टेकतं आणि मग जन्मभर तिथून हलत नाही. मसुरीएवढं व्हायला त्याला चारेक वर्षं लागतात. आपल्या गुहेत हे प्राणी फक्त आतल्या कोठीत आहेत. बाहेरच्या दिवाणखान्यात किंवा गुहेबाहेर शोधूनही एक सापडला नाही.'

बाई आत गेल्या.

खोली व्यवस्थित होती, जरा जास्तच. भिंतीवर घड्याळ नव्हतं. समुद्राकडची खिडकी बंद होती. पाण्याचे पाइप भिंतीवरून गेले होते आणि त्यांच्या प्रत्येक सांध्याला जुन्या टॉवेलची चिंधी गुंडाळून बांधलेली होती.

संचालक उठून उभे राहिले. उंच, वाकलेले, मऊ आवाजाचे. गावात त्यांना सगळे सर म्हणत. पाकोळी गेल्यावर तिच्या आईला केंद्राच्या वसाहतीतली खोली त्यांनीच दिली होती. आठवड्याची भाजीही तेच नेऊन देत. देवमाणूस, असा एकूण लौकिक होता.

"काय सापडलंय म्हणालात?"

बाईंनी काही न बोलता ताटली उचलली. पाण्यावर हेल्मेटचा गोल माथा तेवढा दिसत होता आणि काठाशी नारिंगी पट्टा.

सरांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग ते एकदम पुढे झाले.

"झाका ते! उजेड नको. आणि पाणी किती गरम झालंय बघा, मरतील ना!"

त्यांनी स्वतःच बादली उचलली, शेजारच्या अंधाऱ्या, गार खोलीत नेली आणि हेल्मेट एका काचेच्या टाकीत अलगद सोडलं. तिथे एक मंद लाल दिवा होता. हेल्मेट टाकीत तरंगायला लागलं तसा सरांनी श्वास सोडला. झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं त्यांनी टाकीवर काळं कापड ओढलं.

"आता बोलू," आपल्या खोलीत परत येऊन खुर्चीवर बसत ते म्हणाले.

"हे इतकी वर्षं कुठे असेल, सर?"

"बाहेरच. गुहेच्या तोंडापुढे वाळू आहे, तिथे तळाला पडलं असेल. परवाच्या वादळाने वर काढलं."

"गुहेच्या आत नसेल?"

"आम्ही दिवाणखान्यात काम करत होतो. म्हणजे गुहेच्या बाहेरच्या भागात. तिथून दोघं बरोबर बाहेर पडलो. आत एक कोठी आहे, पण तिला लोखंडी जाळी आहे. छताचे दगड पडायला लागले म्हणून अपघाताच्या आदल्या वर्षी मीच बसवून घेतली. जायला सक्त मनाई."

"कुलूप?"

"आहे. किल्ली एकच. माझ्याकडे, या कपाटात. त्या दिवशीही इथेच होती."

"आणि ते ठोके?"

सरांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. "लाटेने दगड हलतात. आईंना सांगून सांगून थकलो. त्यांचं दुःख मोठं आहे, मी काय बोलणार?"

"दारावरची पाटी कशाला?"

"कुणी वाजवलं की दचकायला होतं." ते कसनुसं हसले. "वय झालं, बाई."

*

जावई हवेच्या यंत्राच्या शेडमध्ये एकटाच होता. यंत्र बंद करून तो उभा राहिला, पण बसा म्हणाला नाही. शेडमध्ये बसायला होतंही काय म्हणा.

"मीच भरली होती हवा," त्याने बाईंच्या प्रश्नाची वाट न बघता सांगितलं. "सरांच्याही टाकीत तीच होती. सर धडधाकट वर आले. हे मी तेव्हाही सांगितलं. कुणाला पटलं नाही."

"तुमच्या सासूबाईंना?"

"त्या माझ्या समोरून जातात, बाई. रोज. मी तिथे नसल्यासारख्या."

"तुम्ही नोकरी सोडून गेला का नाहीत?"

त्याने खिडकीतून कड्याकडे पाहिलं. "ठोके ऐकू येतात."

"दगडाचे असतील."

"असतील. मी दर वर्षी सरांकडे कोठीची किल्ली मागतो. एकदा बघून येतो म्हणतो. ते नियमावर बोट ठेवतात. मग मी जाळीपर्यंत जातो आणि बाहेर थांबून ऐकतो. माणसाने काय करावं?"

"जाळीतून हेल्मेट आत जाईल?"

"माझा हात जेमतेम जातो. पण वादळानंतर दोन गज निखळलेत. आता हेल्मेट बाहेर येईल. एखादा सडपातळ पाणबुड्याही आत जाईल. मी जाणार होतो काल. मग वाटलं, मीच काही शोधून आणलं तर म्हणतील, यानेच ठेवलं होतं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"पाण्याखाली अडकलेला माणूस खूण कशी करतो?"

"टाकीवर किंवा खडकावर ठोकतो. तीनदा. मग थांबून परत तीनदा."

*

नावाडी होडी पालथी घालून तिच्या बुडाला डांबर फासत होता. पोलीस बघून त्याने आधी कानावर हात ठेवले. आपण प्यायलेलो नव्हतो, तेव्हाही नव्हतो आणि आज तर वारही तो नाही, असं त्याने न विचारता सांगून टाकलं.

"सर वर आले तेव्हा काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"वाहून गेली, म्हणाले. बाकीच्या होड्या बाहेर पांगल्या. मला गुहेच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. सर माझ्याच होडीत बसून राहिले. हलायला तयार नाहीत. मला भरून आलं, काय माया असते माणसाची म्हणून."

"आणि?"

"मग संध्याकाळकडे ठोके यायला लागले. खालून. होडीच्या बुडाला कान लावला तर स्पष्ट. तीन. मग गप्प. परत तीन. मी सरांना म्हटलं, सर, ऐका. ते म्हणाले, दगड आहेत. एवढा शिकलेला माणूस. मी काय बोलू?"

"कधीपर्यंत येत होते?"

"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. शेवटी शेवटी तीनाचे दोन झाले. मग बंद." त्याने कुंचला खाली ठेवला. "बरेच दिवस काही नाही. मग एका मोठ्या भरतीनंतर पुन्हा सुरू झाले. पण हे वेगळे. कधी एक, कधी पाच, लाट येईल तसे. तेव्हापासून गुहेकडे कुणी जाळं टाकत नाही. गाव म्हणतं, पाकोळी दार वाजवते."

"हे तुम्ही चौकशीत सांगितलं होतं?"

"सांगितलं की. सर शेजारी बसले होते. ते म्हणाले, याने रात्रभर थोडी घेतली होती."

दुपारी ओहोटी लागली तेव्हा बाई कड्यावर गेल्या. काठापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहून त्या पोटावर झोपल्या आणि खडकाला कान लावला. आधी नुसतं पाणी. मग खालून, खूप खोलून, पोकळ आवाज आला. टण्. बराच वेळ काही नाही. टण्, टण्. आपण तपास करायला आलोय हे त्यांनी स्वतःला बजावलं, आणि मगच त्यांना उठता आलं.

संध्याकाळी त्यांनी शहरातून पाणबुडे मागवले. दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले, वर आले, बाईंशी बोलले. त्यानंतर बाई आईंच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि आईंचे कोरडे.

*

तिसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना टाकीच्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं. आई एका स्टुलावर बसल्या. जावई भिंतीला टेकून उभा राहिला, आईंपासून जितकं लांब जमेल तितका. नावाडी दाराशी होता. सर टाकीपाशी होते. कापड जरा सरकवून ते आत बघत होते.

"कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"जगतील," सर म्हणाले. "दोघातिघांच्या कवचात पिलं आहेत."

"बरं झालं. सर, मला पोहता येत नाही आणि तुमच्या या जिवांबद्दल मला परवापर्यंत ओ की ठो माहीत नव्हतं. तेव्हा चुकलं तर सांगा. हे हेल्मेट सहा वर्षं वाळूत, तळाला पडलं होतं, असं तुम्ही म्हणालात."

"मला तसं वाटतं."

"ते आईंच्या बादलीत बुडालं नाही. तुमच्या टाकीत बुडत नाहीये. आतून फेसाचं अस्तर आहे. बादलीत जे बुडत नाही ते समुद्रात कसं बुडेल? बाहेर सुटलं असतं तर त्याच दिवशी होड्यांना पाण्यावर दिसलं असतं. तरंगणारी वस्तू इतकी वर्षं पाण्याखाली राहायची तर तिच्या डोक्यावर छत हवं. छताला घासून घासून तिचा माथा झिजायला हवा. तसा तो झिजलाय."

सरांनी टाकीतल्या हेल्मेटकडे पाहिलं.

"उजेडात राहिलं असतं तर हिरवंगार झालं असतं. एक तंतू नाही. आणि आत हे पाहुणे. फलक तुमचाच आहे, सर. पिल्लू आईपासून दूर जात नाही. जिथे हे आहेत तिथे यांच्या आया आहेत, आणि त्या फक्त कोठीत आहेत. मसुरीएवढे व्हायला चारेक वर्षं लागतात, म्हणजे कालपरवा जाऊन बसलेले नाहीत. गजांमधून हेल्मेट जात नाही. वादळाने गज निखळले तेव्हा ते बाहेर आलं. मग आत गेलं कसं? जाळी उघडून. पाकोळीच्या डोक्यावरून. किल्ली एकच होती."

"किल्ली कपाटात होती," सर हळू आवाजात म्हणाले. "कुणीही घेतली असेल. जावईबापूंना तर ती हवीच होती."

जावयाने मान वर केली. आईंनीही.

"माझाही आधी त्यांच्यावरच संशय होता," बाई म्हणाल्या. "पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. मी ताटली उचलली तेव्हा तुम्हाला फक्त हेल्मेटचा माथा दिसला. आतली बाजू पाण्यात होती. आत काही जिवंत आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, उजेड नको, मरतील. हेल्मेट कोरं बघून तुम्ही एका क्षणात ओळखलंत की हे कोठीतून आलंय, आणि कोठीतून आलंय म्हणजे आत काय असणार. इतकं ज्ञान तुमच्याशिवाय कुणाला नाही. आणि मग खुर्चीवर बसून तुम्ही मला वाळूची गोष्ट सांगितलीत."

"हा तर्क झाला. पुरावा नाही."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. तीनदा.

सरांच्या तोंडून आवाज निघाला तो ओळखीचा नव्हता. ते दोन्ही हातांनी टाकी धरून उभे होते. "उघडा," ते म्हणाले. "उघडा तिला. कुणीतरी उघडा ना."

दारात शहरातला पाणबुड्या उभा होता, ओल्या केसांनी. बिचाऱ्याने पाटी वाचली नव्हती. बाईंनी हे मुद्दाम घडवून आणलं, असं गाव पुढे बरेच दिवस म्हणत होतं. खरं तर त्या स्वतःच दचकल्या होत्या. पाणबुड्याच्या हातात एक हवेची टाकी होती. तिचा नळ गंजला होता आणि बुडाच्या कडेला ठोकून ठोकून खोल खळगा पडला होता.

"ही कोठीच्या छताखाली तरंगत होती," बाई म्हणाल्या. "रिकामी झाली की या जातीची टाकीही बुडत नाही. लाट आत शिरली की छतावर आपटते. गावाला ऐकू येतात ते हे ठोके. पण नावाड्याने पहिल्या दिवशी ऐकले ते तीन-तीनचे होते. समुद्र मोजून ठोकत नाही, सर. कोठीत पाण्याच्या वर एक कपार आहे, तिथे थोडी हवा साठते. पाकोळी त्या कपारीवर चढली होती. ती तिथेच आहे."

मग सर बोलायला लागले, कुणाकडेही न बघता.

"वाढ मोजायची होती. छतावरच्या काहींवर मी खुणा केल्या होत्या. शेवटचं वर्ष राहिलं होतं. वीस वर्षांचं काम. जाळी मीच लावलेली, परवानगी कुणाकडे मागणार? मी तिला म्हटलं, पाच मिनिटं. ती हसली. सर, तुमच्या मसुरी तुमच्याशिवाय मोठ्या होत नाहीत वाटतं, म्हणाली." त्यांनी टाकीवरचं कापड नीट केलं. "दगड पडला. गाळ उठला, स्वतःचा हात दिसेना. मी कसाबसा बाहेर आलो. थांबलो. ती आली नाही. मला वाटलं, संपलं."

"आणि कुलूप लावलंत."

"उघडी दिसली असती ना. वर आलो आणि तोंडातून निघून गेलं, वाहून गेली. मग ठोके आले."

"तेव्हा सांगायचं होतं!" जावई ओरडला. "मी किनाऱ्यावर होतो! भरलेल्या टाक्या होत्या माझ्याकडे!"

"तेव्हा सांगितलं असतं तर कुलूप का लावलं ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, जरा वेळाने सांगू. प्रत्येक वेळी थांबले की वाटायचं, आता गरज नाही. मग परत यायचे."

आई स्टुलावरून उठल्या. त्या सरांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत?"

"हो."

"आणि तुम्ही होडीत बसून ऐकत होता."

"हो."

"मला भाजी आणून द्यायचात," आई म्हणाल्या. "मी आशीर्वाद द्यायचे तुम्हाला." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मला भास होत नव्हता. ती खरंच ठोकत होती."

बाईंनी सरांच्या दंडाला धरलं. दारापर्यंत जाऊन बाईंनी मागे वळून टाकीकडे पाहिलं.

"यांना तुम्ही परवाच मारून टाकू शकला असता. एक बादली गरम पाणी, एक घासणी, आणि माझ्याकडे दाखवायला काही उरलं नसतं."

सरांना बाईंचं म्हणणं कळलं नाही असं वाटलं. "त्यांना कसं मारणार?" ते म्हणाले. "त्यांनी काय केलंय?"

इन्स्पेक्टरबाईंनी पुष्कळ गुन्हेगार पाहिले होते. या उत्तराने त्यांना जितकी भीती वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

*

पाकोळीला वर आणलं, तिचे अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर आईंनी एकच मागणी केली. पट्टा कापून त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि म्हणाल्या, "हेल्मेट होतं तिथे ठेवून या. ती बाळं जन्मभर हलत नाहीत म्हणता ना. त्यांना त्यांच्या घरी जाऊ दे."

नावाड्याने होडी काढली. बाईही आल्या, होडीच्या मधोमध, दोन्ही कडा घट्ट धरून, आठवतील तेवढे देव आठवत. जाळीचं दार आता उघडं होतं. काम झाल्यावर ते कायमचं बंद व्हायचं होतं, म्हणून कुलूप बरोबर आणलं होतं. जावई पाण्यात उतरायला तयार झाला आणि कुलूप कमरेच्या पिशवीत टाकायला लागला.

"ते इकडे आण," आई म्हणाल्या.

त्याचा हात तसाच राहिला. सहा वर्षांत त्यांनी त्याला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्याने कुलूप दिलं. आईंनी ते पदरात घेऊन दोन्ही हातांनी धरलं. "हेल्मेट ठेव, बाहेर ये, मला तोंड दाखव. मग हे घेऊन परत जा आणि लाव. तोवर हे माझ्याकडे राहील."

"बरं, आई."

"लवकर ये रे."

त्याने मान हलवली. मग हेल्मेटची झाकलेली बादली छातीशी धरून तो पाण्यात उतरला. बुडबुडे वर आले, गुहेच्या तोंडाकडे सरकले आणि दिसेनासे झाले. खालून काहीही ऐकू येत नव्हतं. आई पाण्याकडे बघत बसल्या होत्या आणि त्यांच्या मुठीत कुलूप होतं.